पडद्यावर मेलेला, प्रत्यक्षात वाचलेला वैमानिक

आजचा अपघात तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच पाहिलेला आहे. तो कोणाचा, हे कदाचित माहीत नसेल. गडद निळं जेट विमान विमानवाहू नौकेवर उतरायला येतं, डेकच्या मागच्या कडेवर आदळतं आणि त्याचे दोन तुकडे होतात. मागचा भाग पेटतो. पुढचा भाग कॉकपिटसकट डेकवरून गडगडत जातो. १९७६ च्या 'मिडवे' चित्रपटात चार्ल्टन हेस्टनचं पात्र याच दृश्यात मरतं. चित्रपट १९४२ च्या लढाईचा, आणि विमान मात्र जेट! पुढे १९९० च्या 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'मध्ये तेच चित्रण एफ-१४ चा अपघात म्हणून वापरलं गेलं.

खरी तारीख आहे २३ जून १९५१. विमान ग्रमन पँथर, नौका अमेरिकेची 'मिडवे', आणि वैमानिक कमांडर जॉर्ज डंकन, दुसऱ्या महायुद्धात अनेक शत्रुविमानं पाडलेला माणूस. अटलांटिकमध्ये नौकेवर उतरण्याच्या चाचण्या चालू होत्या. पुढे निघालेल्या नौकेच्या पाठीमागे हवा खाली खेचली जाते, भोवरे तयार होतात. त्या पट्ट्यात डंकनचं विमान अचानक खाली गेलं. तो भाजला, पण जगला, आणि पुन्हा विमान उडवू लागला.

आता विचारा, इतका मुरलेला वैमानिक का चुकला? माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. पंख्याच्या विमानात थ्रॉटल पुढे ढकलला की ताकद लगेच मिळायची. सुरुवातीच्या जेट इंजिनांना पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागत, आणि डेक समोर आल्यावर तेवढे सेकंद हातात नसतात. त्यात डेक सरळ होता. उतरणाऱ्या विमानाचा हूक आडव्या तारांमध्ये अडकला नाही, तर समोर अडथळ्याचं जाळं आणि त्यापलीकडे उभी केलेली विमानं, माणसं. पुन्हा हवेत जायला वाट नाही. म्हणजे वर राहिलात तर धडक, खाली गेलात तर डेकची कडा. यंत्र बदललं होतं, घर जुनंच होतं.

किंमत किती होती, ऐका. १९५४ या एकाच वर्षी अमेरिकी नौदल आणि मरीन दलाने अपघातांत ७७६ विमानं आणि ५३५ माणसं गमावली.

उत्तर आलं ब्रिटनमधून. ऑगस्ट १९५१ मध्ये, म्हणजे डंकनच्या अपघातानंतर दोन महिन्यांच्या आत, कॅप्टन डेनिस कँबेल आणि लुईस बॉडिंग्टन यांनी तिरक्या डेकची कल्पना पुढे आणली. उतरण्याचा पट्टा नौकेच्या मध्यरेषेपासून थोडा डावीकडे वळवा. हूक चुकला तर समोर मोकळा समुद्र, पूर्ण जोर लावा आणि पुन्हा फेरी मारा. १९५२ मध्ये त्याची एक चाचणी झाली ती याच 'मिडवे'वर, सरळ डेकवर नुसत्या तिरक्या रेषा रंगवून.

पण तिरका डेक कडेवर आदळणं थांबवत नाही. त्यासाठी निकोलस गुडहार्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचा आरसा उपयोगी पडला. अंतर्गोल आरशात दिव्याचा ठिपका दिसतो, दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची रांग असते. ठिपका रांगेच्या वर तर तुम्ही उंच, खाली तर तुम्ही धोक्यात. पूर्वी डेकवर हातात फलक घेऊन उभा अधिकारी हे खुणांनी सांगायचा. आता वैमानिकाला चूक स्वतःला, आधी दिसू लागली.

यात आपला संबंध कुठे? ब्रिटनने 'हर्क्युलिस' ही नौका १९४५ मध्ये पाण्यात सोडली आणि अर्धवट ठेवली. भारताने ती १९५७ मध्ये घेतली आणि पुरी करून घेताना तिला तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट आणि उतरण्याचा आरसा बसवला गेला. हीच आपली 'विक्रांत'. १८ मे १९६१ रोजी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मुंबईला आली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरून सी हॉक विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करायला जात आणि परत याच डेकवर उतरत. दाबोळीच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक आजही पाहता येतं. गोव्याला गेलात तर त्याच्या शेपटीखालचा हूक जरूर शोधा.

आणि 'मिडवे' पुन्हा कधी टीव्हीवर लागला, तर शेजारी बसलेल्याला सांगा, हा माणूस वाचला होता. त्या दिवशी डेकवर कॅमेरा होता तो चाचणीची नोंद ठेवायला.