हवा लहान होत नाही

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडे अंगणाअंगणांतून किल्ले उठतात. विटांचे तुकडे, चाळलेली माती, एखादे फाटके पोते आणि पेरलेल्या अळिवाची हिरवळ एवढ्या भांडवलावर पोरे रायगड उभा करतात. त्या किल्ल्यात कोणी राहायला जाणार नसते आणि चार दिवसांनी तो मोडायचाच असतो. तरी घरातली वडीलधारी मंडळी दारात उभी राहून कौतुकाने पाहत असतात. पण तोच मुलगा जरा मोठा झाला, लाकडाच्या पातळ पट्ट्या तासून विमानाची प्रतिकृती जुळवू लागला आणि खोलीभर भुसा पाडू लागला, की हे कौतुक आटते. "मास्तर, याचा पुढे उपयोग काय?" असे पालक मला पुष्कळदा विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. तेच आज सांगावेसे वाटते.

मातीच्या किल्ल्याला काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. विमानाच्या प्रतिकृतीची गोष्ट निराळी. तिला उडावे लागते. ती दिसायला कितीही सुबक असो, तोल चुकला की नाक खाली घालते. तिथे कोणाचा वशिला चालत नाही. शाळेत आम्ही मास्तर मंडळी एखाद्या मुलाला दोन गुण वाढवून देऊ शकतो. हवा देत नाही.

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की आधी विमान झाले आणि मग मुलांसाठी त्याची खेळणी झाली. प्रत्यक्षात घडले ते उलट. सर जॉर्ज केली या इंग्रज उमरावाने १८०४ साली एका काठीला पतंगासारखा पंख बांधला, मागे हलवता येईल अशी शेपटी लावली, आणि सुमारे पाच फूट लांबीची ती वस्तू टेकडीवरून सोडून दिली. ती तरंगत खाली गेली. पुढे पंख स्थिर, मागे शेपटी ही आजच्या विमानाची ठेवण त्या काठीत आली होती. माणूस इंजिनाच्या विमानात बसून उडाला तो त्यानंतर ९९ वर्षांनी.

केलीच्या वाटेने पुढे गेलेली दोन माणसे उमराव नव्हती. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात चार्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे जाळीदार लेस विणण्याचे कारखाने होते. विल्यम हेन्सन आणि जॉन स्ट्रिंगफेलो हे दोघे त्याच धंद्यातले. स्ट्रिंगफेलो तर त्या यंत्रांना लागणाऱ्या बॉबिनी बनवणारा कारागीर. हेन्सनने १८४२ साली वाफेच्या विमानाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पंखांचा पसारा १५० फूट, इंजिन २५ ते ३० अश्वशक्तीचे, आणि काम कोणते, तर पत्रे, माल आणि उतारू आकाशमार्गे पोचवण्याचे! त्यासाठी कंपनी काढण्याचा घाट घातला गेला. इजिप्तच्या पिरॅमिडांवरून हे विमान उडते आहे अशी चित्रेसुद्धा छापली गेली. विमान मात्र कुठेच नव्हते. लोक पोट धरधरून हसले. आकाशातून टपाल नेण्याच्या या कल्पनेला हसणाऱ्यांची पिढी सरली. आणि १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यात कोणाला हसण्यासारखे काही वाटले नाही.

चित्रांनी विमान उडत नाही हे कळल्यावर दोघांनी प्रतिकृती करायला घेतली. तीही लहानसहान नव्हे. पंखांचा विस्तार २० फूट, वर रेशमी कापड, आत वाफेचे इंजिन. १८४७ साली ती गावाबाहेरच्या माळावर नेली. बघ्यांचा उपद्रव नको म्हणून रात्रीची वेळ साधली. पण रात्री दव पडते, आणि दव रेशमाला जड होते. इतक्या वर्षांची मेहनत भिजून खाली ओघळलेली त्या दोघांना पाहावी लागली. मग दिवसा प्रयत्न झाले. उतरत्या रुळांवरून विमान सोडत सोडत सात आठवडे गेले. ते काही उडाले नाही. हेन्सन निराश झाला, लग्न करून अमेरिकेला निघून गेला.

स्ट्रिंगफेलो राहिला. त्याने हिशोब केला आणि प्रतिकृती निम्मी केली. या वेळी पंख १० फूट, आणि इंजिन, पाणी, इंधन सगळे धरून वजन नऊ पौंडांच्या आत. ती त्याने १८४८ साली लेसच्या एका रिकाम्या कारखान्यात, वारा आणि बघे दोन्ही बाहेर ठेवून, एका तारेवरून सोडली. पहिल्या खेपेला शेपटीचा कोन चुकला आणि ती मागे आपटली. दुसऱ्या खेपेला तारेवरून सुटल्यावर ती चढत गेली आणि दुसऱ्या टोकाला लावलेल्या कॅनव्हासला भोक पाडूनच थांबली, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. ते उड्डाण कितपत खरे याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. पण बॉबिनी बनवणाऱ्या त्या हातांनी केलेल्या इंजिनाबद्दल वाद नाही. १८६८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विमानविद्येचे प्रदर्शन भरले, तेव्हा वजनाच्या मानाने सर्वांत शक्तिमान इंजिन म्हणून त्याला १०० पौंडांचे बक्षीस मिळाले.

स्ट्रिंगफेलोने प्रतिकृती निम्मी का केली असेल? आकाशकंदील ज्यांनी घरी बांधला आहे त्यांना हे चटकन उमगेल. हातभर उंचीचा कंदील बारीक कामट्यांवर छान उभा राहतो. तोच सगळ्या बाजूंनी दुप्पट करा. कामट्या लवू लागतात, कागद पोटात जातो. माझे गणित शाळेपुरतेच, पण एवढा हिशोब त्यात बसतो. लांबी, रुंदी, जाडी सगळे दुप्पट केले की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर दुप्पट भार येतो.

हा धडा दोन पोरांना खेळण्यानेच शिकवला. १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट या पाद्र्याने आपल्या मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू, कागद आणि पीळ दिलेला रबर. पीळ सुटला की ते भिरभिरत छताला जाई. फ्रान्समधल्या आल्फोन्स पेनो या तरुणाच्या कल्पनेवरून ते बनले होते. विल्बर आणि ऑर्व्हिल या भावांनी ते मोडेपर्यंत खेळवले आणि मग स्वतः तसेच, पण अधिकाधिक मोठे बनवू लागले. जितके मोठे करावे तितके ते उडायला नाखूश! दुप्पट आकाराच्या यंत्राला आठपट शक्ती लागते हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते, असे या भावांनी पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर लिहिले.

मोठ्या माणसांना मात्र हा धडा महाग पडला. सॅम्युएल लँग्ली हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. स्ट्रिंगफेलोचे ते बक्षीस मिळवलेले इंजिनही त्यांनीच संस्थेसाठी विकत घेतले. ६ मे १८९६ रोजी त्यांची सुमारे १४ फुटी पंखांची वाफेची प्रतिकृती पोटोमॅक नदीवर ३,३०० फूट उडाली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे कॅमेरा घेऊन हजर होते. मग सरकारने ५०,००० डॉलर दिले आणि तीच ठेवण मोठी करून माणूस बसेल असे विमान तयार झाले; पंख ४८ फूट. १९०३ साली, ७ ऑक्टोबरला आणि पुन्हा ८ डिसेंबरला, ते नदीत कोसळले. चालक सुदैवाने दोन्ही वेळा वाचला. सोडण्याच्या यंत्रात ते अडकले, असे लँग्लींकडून सांगण्यात आले. पुढच्या अभ्यासकांनी बोट ठेवले ते सांगाड्याच्या दुबळेपणावर. दुसऱ्या अपघातानंतर नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. त्यांनी सरकारी पैसा घेतला नव्हता. सहा फुटी लाकडी पेटीत वारा सोडून त्यांनी बोटाएवढ्या पंखांचे शेकडो नमुने तपासले होते. लहान नमुन्याकडून काय शिकावे आणि काय गृहीत धरू नये, हे त्या सायकल दुकानदारांना नेमके कळले होते.

खरे विमान आले आणि प्रतिकृतीचे काम संपले असे वाटावे. पण तिथून तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले, छंदाचे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली आठ फुटी पंखांचे आपले 'गफ' रेडिओलहरींनी वळवून दाखवले. दोर नाही, तार नाही. जमिनीवरच्या माणसाचे ऐकणारे विमान! पुढे १९३८ पासून ओळीने तीन वर्षे त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

१९८० च्या सुमारास तर अवाढव्य प्रतिकृतींचे वेडच पसरले. एका पंखजोडीच्या विमानाचा विस्तार निदान ८० इंच, दोन जोड्यांच्या विमानाचा ६० इंच, किंवा खऱ्याच्या चौथाई आकार, ही त्या मंडळींची मोठेपणाची व्याख्या. लाकडे कापायच्या करवतीची पेट्रोल इंजिने उतरवून त्यांनी ती विमानांना बसवली. मोठेच का, असे कोणी विचारील. उत्तर गमतीचे आहे. विमान लहान करता येते, पण हवा लहान करता येत नाही. वाऱ्याची झुळूक खेळण्यासाठी वेगळी आणि खऱ्या विमानासाठी वेगळी येत नाही. वीतभर विमानाला जो झोत उलथून टाकतो, तो दहा फुटी विमानाला नुसता डोलवतो. म्हणून मोठी प्रतिकृती खऱ्यासारखी भारदस्त उडते. पण मोठेपणाबरोबर वजन येते आणि वजनाबरोबर जबाबदारी. वीस किलोची वस्तू डोक्यावरून वेगाने जात असेल तर एक ढिला स्क्रू जीव घेऊ शकतो. म्हणून हे छंदिष्ट उड्डाणापूर्वी प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहतात आणि बघ्यांना लांब उभे करतात.

आता उपयोगाची गोष्ट. मेनार्ड हिल या निवृत्त धातुशास्त्रज्ञाच्या मनाने घेतले, की प्रतिकृतीने अटलांटिक महासागर ओलांडावा. नियमाने वजन पाच किलोंच्या आत हवे, तेही इंधनासकट. बाल्सा लाकडाचे सहा फुटी पंख, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, आणि गॅलनभरही नाही एवढे इंधन. २००२ साली सोडलेली विमाने समुद्राने गिळली. २००३ च्या ऑगस्टमध्ये सोडलेले पाचवे विमान न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून निघाले आणि ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे ३,००० किलोमीटर ओलांडून, आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ उतरले. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राऊन हे न थांबता अटलांटिक ओलांडणारे पहिले वैमानिक याच भागात उतरले होते.

हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यांना जवळजवळ दिसत नव्हते, ऐकूही फार कमी येत होते. समुद्रावर ते विमान स्वतःच वाट काढत होते, आणि ते सिद्ध झाले होते बोटांच्या स्पर्शाने आणि मित्रांच्या डोळ्यांनी. या उड्डाणातून त्यांना काही मिळकत व्हायची नव्हती, आणि चार विमाने गमावल्यावर पाचवे बनवा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा पालकहो, मुलाच्या खोलीतला तो भुसा आणि डिंकाची डबी सुट्टीपुरती राहू द्या. तो मुलगा वैमानिक होईल असे आश्वासन मी देत नाही. पण विमान पडले तर दोष वाऱ्याला न देता तो शेपटीचा कोन पुन्हा मोजायला बसेल, आणि एवढी सवय लावणारा विषय आमच्या वेळापत्रकात मला अजून सापडलेला नाही.