नंदुरबारला समुद्र नाही, पण...

मुघलकाळात बुऱ्हाणपूरचं कापड आपल्या नंदुरबारवरून सुरतेला जायचं आणि तिथून जहाजानं इराण, तुर्कस्तान, थेट युरोपात. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा दूत थॉमस रो याच वाटेनं गेला. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्नियेनं तर नवापूरच्या सुवासिक तांदळाचं कौतुक लिहून ठेवलंय!

मग सुरतेची जागा मुंबईनं घेतली. १८६०च्या दशकात मुंबईची रेल्वे भुसावळवरून गेली आणि आपण बाजूला पडलो. १९००च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आली, पण तोवर सुरतेचं वैभव ओसरलं होतं. नंदुरबार जागच्या जागीच होतं, बंदर बदललं. म्हणून नव्या रस्त्याची घोषणा झाली, की मी आधी विचारतो: हा कुठल्या बंदराला जाणार?