पेठ ते प्रभाग

पुण्याच्या पेठांची वंशावळ शोधायला आपण कसब्यापासून, म्हणजे मूळ गावापासून निघायचे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने हे गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांनी ते पुन्हा वसवले, लाल महाल उभा राहिला. १७०३ मध्ये औरंगजेबाचा मुक्काम पडला आणि मुहियाबाद नावाची पेठ वसली. तीच पेशव्यांच्या काळात बुधवार झाली. शनिवारचे मुर्तजाबाद आणि सोमवारचे शहापूर ही नावेही अशीच मागे पडली.

खरी भर पडली ती शनिवारवाड्यानंतर. १७३२ मध्ये वाड्याची वास्तुशांत झाली आणि शहर त्याच्याभोवती वाढू लागले. पेठ वसवायची म्हणजे आधी सरकारातून कौल मिळवायचा, मग वाणी-उदमी, कारागीर बोलवायचे, त्यांना काही वर्षे करात सूट द्यायची. पेठेचे शेटेपण-महाजनकीचे वतन वसवणाऱ्याच्या घरात राही. नायगावच्या जागी सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ आली. कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी नळांतून इथल्या हौदापर्यंत आणले, आणि पाण्यामागे वस्ती आली. पुढे सरदार रास्त्यांची शिवपुरी रास्ता पेठ म्हणून, तर नाना फडणविसांची हनुमंत पेठ नाना पेठ म्हणून रूढ झाली. वसवणाऱ्याचे नाव देवाच्या नावावर मात करून गेले, हे पुण्यातच शोभावे!

पेशवाईनंतर इंग्रजी अमलात, १८५७ च्या बंडाच्या आसपास नगरपालिका आली, तेव्हा कारभार सरकारने नेमलेल्यांच्या हाती होता. १८७६ मध्ये नेमलेल्या सभासदांत जोतीराव फुले होते. त्यांचे घर असलेली गंज पेठ आज महात्मा फुले पेठ आहे. व्हाइसरॉय रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडून येणारे वाढले, आणि पेठेत माणसे किती, यापेक्षा मते किती हे महत्त्वाचे ठरू लागले.

१९५० मध्ये महापालिका झाली. १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतली कुटुंबे उठून गोखलेनगर, लोकमान्यनगरात गेली. निवडणुकीचे प्रभाग मात्र पुरावाचूनही सरकतात: २००७ ला एका नगरसेवकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला बहुतेक ठिकाणी चौघांचा. त्या वर्षी ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक आले. शनिवार-सदाशिव, कसबा-सोमवार अशा जोडनावांनी पेठा एकमेकींना बांधल्या गेल्या. प्रत्येक नव्या रचनेत अशा जोड्या पुन्हा सुटू शकतात. पत्रावर मात्र पुणेकर आजही ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ एवढेच लिहितो. प्रभागाचा क्रमांक त्याला मतदानाच्या चिठ्ठीवर पाहावा लागतो.