पालवणकरांचें कसब

खेळाडूची पात्रता कशांत असते असें कोणीं विचारलें, तर आपण बहुधा त्याच्या दंडाकडे नि पायांकडे बोट दाखवितों. आज मी अशा एका गोलंदाजाची हकीकत सांगणार आहें, कीं ज्याचा हात साऱ्यांनीं मानला, परंतु ज्याचें डोकें मानावयास त्याच्या स्वतःच्याच संघाला फार उशीर लागला.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, चांभार कुटुंबांतला. १८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबांत चाकरीस लागले. मैदान राखावयाचें, रूळ फिरवावयाचा, जाळीं बांधावयाचीं आणि सरावास आलेल्या साहेबांना चेंडू टाकावयाचे. पगार दरमहा चार रुपये. ग्रेग नांवाचे नाणावलेले फलंदाज इतरांच्या आधीं येऊन तासचे तास त्यांच्याकडून चेंडू टाकवून घेत, आणि बाद झाले कीं दर खेपेस आठ आणे देत, असें सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हातीं क्वचितच येई. फलंदाजी हा साहेबांचा मान! त्यांची डावखुरी संथ गोलंदाजी या रगाड्यांत घडली. जिला आपण दैवी देणगी म्हणतों, तिच्यांत मजुरीचा अंश केवढा असतो!

पुढें पुण्याच्या हिंदू क्लबानें, बरीच वादावादी होऊन, त्यांना संघांत घेतलें. परंतु चहाच्या वेळीं सवर्ण गडी आंत बसत आणि बाळूंना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. विटाळ पेल्याला होई, चेंडूला होत नसे. हा धर्मशास्त्राचा कोणता निर्णय, कोण जाणे!

१९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांवर १०९ धावांनीं जय मिळविला, त्यांत बाळूंच्या गोलंदाजीचा वांटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघ पुष्कळ सामने हरला; बाळूंनीं मात्र शंभराहून अधिक गडी बाद केले.

इतकें होऊनहि हिंदू संघाचें कप्तानपद त्यांना कधीं देण्यांत आलें नाहीं. गोलंदाजी येते, परंतु नेतृत्व कसें येणार, अशी समजूत! वास्तविक संथ गोलंदाजाला प्रत्येक चेंडूस फलंदाजाचें मन वाचावें लागतें, क्षेत्ररक्षक कोठें उभा करावा हें ठरवावें लागतें. कप्तान तरी याहून निराळें काय करतो?

१९२० सालीं हा प्रश्न पेटला. पालवणकरांना डावलून कप्तान नेमल्यामुळें त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें. चर्चा बरीच झाली, बंधु परतले, आणि बाळू उपकप्तान झाले. तो त्यांचा अखेरचा चौरंगी सामन्यांचा हंगाम.

१९२३ सालीं हिंदू संघाचे कप्तान झाले विठ्ठल पालवणकर. त्या वर्षींची स्पर्धा हिंदूंनीं जिंकली.