घरगुती लेझर कटर

घरगुती लेझर कटर हे संगणकाच्या साहाय्याने चालणारे, टेबलावर मावणारे यंत्र आहे. लेझर किरणाच्या उष्णतेने ते लाकूड, पुठ्ठा, ॲक्रिलिक, चामडे, कापड इत्यादी पदार्थ कापते किंवा त्यांच्या पृष्ठभागावर अक्षरे व चित्रे कोरते. कापणे आणि कोरणे ही दोन्ही कामे एकच यंत्र करीत असल्याने त्यास ‘लेझर कटर व एन्ग्रेव्हर’ असेही म्हणतात. नावाच्या पाट्या, आकाशकंदील, खेळणी, दागिने, स्मृतिचिन्हे आणि प्रतिकृती तयार करण्यासाठी हस्तकलाकार, विद्यार्थी व लघुउद्योजक ही यंत्रे वापरतात.

कारखान्यात अशा यंत्राभोवती बंदिस्त कक्ष, धूर ओढून घेणारी व्यवस्था आणि प्रशिक्षित कामगार असतात. घरी मात्र या सर्व गोष्टींची जबाबदारी यंत्राच्या मालकावर येते. त्यामुळे यंत्र काय कापू शकते याइतकेच त्याने काय कापू नये हे जाणणे महत्त्वाचे ठरते.

इतिहास

लेझरचा सैद्धांतिक पाया असलेली उद्दीपित उत्सर्जनाची संकल्पना अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत कार्यान्वित केला. त्यात माणकाचा कृत्रिम स्फटिक वापरला होता.

आजच्या कटर यंत्रांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरलेला कार्बन डायऑक्साइड लेझर सी. कुमार एन. पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते स्टॅनफर्ड विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी गेले. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी लेझर किरणासोबत ऑक्सिजनचा झोत सोडून पोलादाचा पत्रा कापून दाखविला. त्यानंतर लेझरचा वापर औद्योगिक कापकामात वाढत गेला.

दीर्घकाळ ही यंत्रे कारखाने आणि फलक तयार करणाऱ्या दुकानांपुरती मर्यादित होती. २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत नील गर्शेनफेल्ड यांच्या नेतृत्वाखाली ‘सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स’ सुरू झाले व त्यातून ‘फॅब लॅब’ ही सामायिक कार्यशाळांची संकल्पना पुढे आली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ मध्ये स्थापन झालेली फॅब लॅब ही या संस्थेबाहेरील आरंभीच्या फॅब लॅबपैकी एक होय. लेझर कटर हे अशा कार्यशाळांतील एक प्रमुख यंत्र असते.

पुढे चीनमध्ये तयार होणारी, ‘के४०’ या नावाने ओळखली जाणारी ४० वॅटची स्वस्त यंत्रे छांदिष्टांपर्यंत पोहोचली. २०१५ मध्ये अमेरिकेतील ‘ग्लोफोर्ज’ या यंत्रासाठी ३० दिवसांच्या लोकनिधी मोहिमेत सुमारे २ कोटी ७९ लाख डॉलरची आगाऊ मागणी नोंदवली गेली. त्यानंतरच्या काळात निळ्या प्रकाशाच्या शक्तिशाली डायोडमुळे किंमत आणखी उतरली आणि ही यंत्रे घरोघरी दिसू लागली.

कार्यपद्धती

लेझर किरण भिंगाच्या साहाय्याने साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर व्यासाच्या बिंदूवर एकवटला जातो. त्या बिंदूवरील पदार्थ अत्यंत तापून जळतो, वितळतो किंवा त्याची वाफ होते. दोन दिशांना सरकणाऱ्या दांड्यांवर बसविलेले लेझरचे शीर्ष स्टेपर मोटरींच्या साहाय्याने आराखड्याप्रमाणे फिरते. शीर्षातून येणारा हवेचा झोत धूर बाजूला सारतो, ज्वाला विझवतो आणि भिंग स्वच्छ ठेवतो. पदार्थ मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या धातूच्या जाळीवर ठेवला जातो, त्यामुळे खालील बाजूने धूर निघून जातो.

आराखड्यावर दोन प्रकारे काम होते. कापताना शीर्ष रेषेच्या मार्गाने फिरते. यासाठी एसव्हीजी किंवा डीएक्सएफ स्वरूपातील रेखाचित्र लागते. कोरताना शीर्ष छपाईयंत्राप्रमाणे ओळीमागून ओळ पुढे-मागे फिरते व आवश्यक तेथेच किरण चालू होतो. कोरीवकामास त्यामुळे अधिक वेळ लागतो. उदाहरणार्थ, १०० मिलिमीटर लांब व तितकेच रुंद चित्र ०.१ मिलिमीटर अंतरावरील ओळींनी कोरायचे असल्यास १,००० ओळी, म्हणजे एकूण १०० मीटर प्रवास होतो. सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने त्यास सुमारे १७ मिनिटे लागतात. त्याच आकाराची चौकट त्याच वेगाने फिरण्यास केवळ ४ सेकंद लागतात.

कापाची खोली शक्ती, वेग, फेऱ्यांची संख्या आणि नाभीय अंतर यांवर अवलंबून असते. वेग निम्मा केल्यास प्रत्येक मिलिमीटरला मिळणारी ऊर्जा दुप्पट होते, परंतु कडा अधिक काळ्या पडतात आणि आगीचा धोका वाढतो. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या प्लायवूडमध्येही डिंकाचे प्रमाण आणि ओलावा वेगवेगळे असतात. म्हणून नव्या साहित्याच्या तुकड्यावर शक्ती व वेग यांच्या चौकोनांचा नमुना आधी कोरून पाहण्याची पद्धत आहे.

प्रकार

घरगुती व लघुउद्योगाच्या वापरात मुख्यतः तीन प्रकारचे लेझर आढळतात. त्यांच्यातील खरा भेद शक्तीपेक्षा तरंगलांबीचा आहे. जो पदार्थ विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषत नाही, त्यावर कितीही शक्ती वाढवली तरी अपेक्षित परिणाम मिळत नाही.

डायोड लेझर: याची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर असून प्रकाश निळा दिसतो. यंत्र हलके, स्वस्त व बहुधा उघड्या चौकटीचे असते. लाकूड, पुठ्ठा, चामडे आणि गडद रंगाचे ॲक्रिलिक यांवर ते काम करते. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार जात असल्याने ते या यंत्राने कापता येत नाही.

कार्बन डायऑक्साइड लेझर: कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम यांचे मिश्रण असलेल्या काचेच्या नळीत १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य अवरक्त किरण तयार होतो. लाकूड, कापड आणि पारदर्शक ॲक्रिलिक यांत तो चांगला शोषला जातो. काचेच्या पृष्ठभागावरही त्याने कोरता येते. उघडे धातू तो मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. नळी थंड ठेवण्यासाठी पाण्याचे अभिसरण लागते. नळी कालांतराने क्षीण होते व बदलावी लागते.

फायबर लेझर: १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा लेझर धातूवर खुणा करण्यासाठी वापरला जातो. लाकूड व पारदर्शक प्लास्टिकसाठी तो उपयुक्त नाही.

जाहिरातींत कधी कधी यंत्राने खेचलेल्या विजेचे वॅट ठळकपणे दिलेले असतात. कापण्याची क्षमता मात्र प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या शक्तीवर ठरते व ती बरीच कमी असते. खरेदी करताना ‘ऑप्टिकल’ किंवा ‘आउटपुट’ शक्तीचा आकडा पाहणे आवश्यक असते.

साहित्याची निवड

प्लायवूड, एमडीएफ, बाल्सा, पुठ्ठा, कागद, सुती कापड, लोकरीचे फेल्ट आणि ॲक्रिलिक हे नेहमीच्या वापरातील पदार्थ आहेत. साच्यात ओतून केलेल्या ॲक्रिलिकवर कोरल्यास पांढरट, स्पष्ट अक्षरे उमटतात; दाबून काढलेल्या ॲक्रिलिकवर ती पुसट राहतात.

पुढील पदार्थ लेझरने कापू किंवा कोरू नयेत:

पीव्हीसी, व्हायनिल आणि पीव्हीसीचा थर असलेले रेक्झिन: यांच्या जळण्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. तो फुप्फुसांना इजा करतो व यंत्रातील धातूचे भाग गंजवतो.
एबीएस प्लास्टिक: ते वितळते आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो.
पॉलिकार्बोनेट: ते नीट कापले जात नाही, पिवळे पडते व पेट घेते.
क्रोमियमने कमावलेले चामडे: जळताना क्रोमियमची विषारी संयुगे तयार होण्याची शक्यता असते. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे तुलनेने सुरक्षित मानले जाते.
थर्माकोल: तो झटकन वितळून पेटतो.

अनोळखी प्लास्टिकच्या बाबतीत बाइलस्टाइन चाचणी उपयोगी पडते. तांब्याची तार तापवून प्लास्टिकला लावायची व पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाल्यास त्यात क्लोरीन असण्याची शक्यता असते. ही चाचणी मोकळ्या हवेतच करावी. साहित्याची ओळख पटली नाही तर ते न वापरणे हाच नियम पाळला जातो.

कापाची रुंदी

लेझर रेषेवरील पदार्थ नाहीसा करतो, त्यामुळे कापाला काही रुंदी असते. एकमेकांत बसणारे भाग आखताना ती विचारात घ्यावी लागते. कापाची रुंदी ०.२ मिलिमीटर असेल, तर १० मिलिमीटरची आखलेली जीभ प्रत्यक्षात ९.८ मिलिमीटरची होते आणि तितकीच आखलेली खाच १०.२ मिलिमीटरची होते. परिणामी जोड ०.४ मिलिमीटरने सैल राहतो. प्रत्येक रेषा भागाच्या बाहेरील अंगाला ०.१ मिलिमीटर सरकवल्यास जोड घट्ट बसतो.

धोके व सुरक्षितता

आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८२५-१ नुसार लेझर उपकरणांची वर्ग १ ते वर्ग ४ अशी विभागणी केली जाते. सलग किरण देणारा, अर्ध्या वॅटपेक्षा अधिक शक्तीचा लेझर वर्ग ४ मध्ये येतो. घरगुती कटरमधील लेझर याच वर्गातील असतात. पूर्ण बंदिस्त पेटी आणि झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच असेल, तरच संपूर्ण यंत्र वर्ग १ मध्ये गणले जाऊ शकते. उघड्या चौकटीच्या यंत्रात हे संरक्षण नसते.

डोळे: निळ्या डायोडचा आणि फायबर लेझरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून थेट दृष्टिपटलावर एकवटतो. वर्ग ४ मध्ये पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशही घातक ठरू शकतो. कार्बन डायऑक्साइड लेझर मुख्यतः पारपटलास भाजतो. साधे पारदर्शक ॲक्रिलिक १०.६ मायक्रोमीटरचा किरण अडवते, परंतु निळा किरण अडवत नाही. म्हणून चष्मा त्या विशिष्ट तरंगलांबीसाठी प्रमाणित असावा लागतो. खोलीतील मुले, पाहुणे व पाळीव प्राणी यांनाही हाच धोका असतो.

आग: चालू यंत्र सोडून कधीही बाहेर जाऊ नये. शीर्ष अडकून एकाच जागी थांबल्यास किंवा हवेचा झोत बंद पडल्यास काही क्षणांत ज्वाला उठू शकते. जाळीखाली साचलेले तुकडे वेळोवेळी काढावेत. कार्बन डायऑक्साइड प्रकारचे अग्निशामक हाताशी ठेवणे योग्य असते. कोरड्या भुकटीने आग विझते, पण यंत्रातील आरसे व विद्युतभाग खराब होतात.

धूर: लाकडाच्या धुरात सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड असतात. एमडीएफमधील डिंकातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडू शकतो. धूर पंख्याने व नळीने घराबाहेर सोडणे हा मुख्य उपाय होय. सक्रिय कोळशाच्या गाळणीने वास कमी होतो, परंतु कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. सदनिकेत राहणाऱ्यांना ही नळी शेजाऱ्यांच्या खिडकीजवळ उघडणार नाही हेही पाहावे लागते.

वीज: काचेच्या नळीस हजारो व्होल्ट दाबाचा पुरवठा लागतो. योग्य अर्थिंगशिवाय हे यंत्र चालवणे जीवघेणे ठरू शकते. यंत्र बंद केल्यानंतरही काही काळ विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

देखभाल

आरसे व भिंगावर साचलेला धुराचा थर किरण शोषतो. त्यामुळे काप अपुरा होतो आणि भिंग तडकू शकते. कार्बन डायऑक्साइड यंत्राचे भिंग बहुधा झिंक सेलेनाइडचे असते. ते फुटल्यास तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत. नळीतून ऊर्ध्वपातित पाणी फिरवले जाते व त्याचा प्रवाह थांबल्यास नळी निकामी होते. दमट हवेत पाणी फार थंड ठेवल्यास नळीवर दव जमते. पावसाळ्यात कोकणासारख्या प्रदेशात प्लायवूड ओलावा धरून वाकते, त्यामुळे पृष्ठभाग नाभीपासून दूर जातो आणि काप अर्धवट राहतो. साहित्य आडवे, वजनाखाली व कोरड्या जागी ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

उपयोग

महाराष्ट्रात लेझरने कापलेले आकाशकंदील, दारावरील देवनागरी नावाच्या पाट्या आणि थर्माकोलला पर्याय म्हणून पुठ्ठा व एमडीएफची मखरे बाजारात दिसतात. देवनागरी अक्षरे आरपार कापताना एक विशेष अडचण येते: ‘व’, ‘ब’, ‘भ’ यांसारख्या अक्षरांतील बंद पोकळीचा आतील तुकडा गळून पडतो. रांगोळीच्या किंवा रंगाच्या साच्यात तो टिकवण्यासाठी अक्षराला अरुंद पूल ठेवावे लागतात. पाटीवर अक्षरे स्वतंत्र कापून चिकटवायची असल्यास शिरोरेषा संपूर्ण शब्दाला एकत्र धरून ठेवते. मात्र अनुस्वाराचा टिंब वेगळा चिकटवावा लागतो.

हेही पहा

लेझर
कार्बन डायऑक्साइड लेझर
त्रिमितीय मुद्रण
फॅब लॅब
विज्ञान आश्रम, पाबळ