चर्चच्या आश्रयाने

13 जानेवारी 1903 रोजी ‘गेलिक’ नावाची आगबोट होनोलुलू बंदरास लागली, तेव्हा तीतून उतरलेल्या शंभराच्या आसपास कोरियन मंडळींपैकी कित्येकजण इंचॉनच्या मेथडिस्ट चर्चचे अनुयायी होते; हवाईतील उसाच्या मळ्यांवर मजुरीस जाण्यासाठी त्यांचे मन वळविले तेही तेथील धर्मोपदेशकानेच. चर्च हे परदेशस्थ कोरियनांस आरंभापासूनच केवळ उपासनेचे स्थान नव्हते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या स्त्रियांमधील कर्करोग-तपासणीच्या प्रसाराचा इतिहास नीट उलगडत नाही.

1965 च्या स्थलांतरविषयक कायद्याने अमेरिकेचे दार मोकळे झाले आणि लॉस एंजेलिस, शिकागो, न्यूयॉर्क येथे कोरियन वस्ती वाढली. परंतु किराण्याचे अथवा कपडे धुलाईचे दुकान नवऱ्याच्या बरोबरीने चालविणाऱ्या बाईजवळ पुष्कळदा आरोग्यविमा नसे, इंग्रजी जेमतेम असे, आणि काहीही दुखत नसता डॉक्टरापुढे अंग उघडे करावे ही कल्पनाच तिच्या संकोचास मानवत नसे. अल्प उत्पन्नाच्या व विमा नसलेल्या स्त्रियांच्या स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी 1990 साली अमेरिकी काँग्रेसने सरकारी खजिन्यातून तरतूद केली खरी. पण ती तरतूद दप्तरात आणि जिच्यासाठी केली ती बाई दुकानाच्या गल्ल्यावर, अशी स्थिती बराच काळ राहिली.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चर्चचा रस्ता धरला. शिकागो परिसरातील एका उपक्रमात तर नवरा-बायकोला जोडीने मॅमोग्राफीवरील, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीवरील, चित्रफीत दाखवून त्यावर आपसांत बोलावयास लावीत. ही तजवीज मला मोठी शहाणपणाची वाटते, कारण बायको तपासणीस गेली असता दुकान सांभाळण्याची जबाबदारी अखेर नवऱ्यावरच येते. बाल्टिमोर-वॉशिंग्टन इलाख्यात, गेल्या दशकात, 23 कोरियन चर्चमधील 560 स्त्रियांना घेऊन चर्चच्याच आश्रयाने आणखी एक प्रयोग झाला. तेथे त्याच समाजातील प्रशिक्षित आरोग्यसेविका निवडक चर्चमधील स्त्रियांस दवाखान्यातील बिकट वैद्यकीय शब्द समजावून देत, पुढे दरमहा टेलिफोनवरून विचारपूस करीत, आणि तपासणीची वेळ ठरविण्यापासूनच्या अडचणींत साहाय्य करीत.

सहा महिन्यांनी पाहता या चर्चमध्ये मॅमोग्राफी व गर्भाशयमुखाची पॅप चाचणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण इतर चर्चच्या मानाने पुष्कळच अधिक भरले. खजिन्यातील पैसा आवश्यक होताच. तथापि या यशाचे मुख्य श्रेय, माझ्या मते, या टेलिफोन करणाऱ्या बायकांचे आहे.