रिकाम्या दिसणाऱ्या पेशी आणि भाकिताचा आकडा

आजचा विषय वैद्यकाचा आणि आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. तेव्हा उपचारांबद्दल आम्ही काही सांगणार नाही. ‘या रुग्णाचं पुढे काय होणार?’ या प्रश्नाला कशाच्या आधारावर उत्तर दिलं गेलं, तेवढंच मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या निमित्तानं पाहू.

सुरुवात १८८३ सालापासून करू. पॉल ग्राविट्झ हा जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मूत्रपिंडातल्या पिवळसर गाठी तपासत होता. पेशींत चरबी ठासून भरलेली. अशा पेशी तर मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत असतात! मग त्यानं अनुमान काढलं, की त्या ग्रंथीचे तुकडे मूत्रपिंडात अडकून राहतात आणि त्यांच्याच गाठी होतात. निरीक्षण अचूक, अनुमान चूक. या पेशी मूत्रपिंडाच्याच सूक्ष्म नलिकांमधून येतात, हे १९६० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलं. पण मग चरबी का, हा प्रश्न उरलाच. गंमत अशी, की काचपट्टी तयार करताना ती विरघळून जाते आणि पेशी रिकामी दिसते. ‘क्लिअर सेल’ हे नाव त्यातूनच आलं.

१९२०च्या दशकात ऑटो वारबुर्ग यांनी दाखवलं, की कर्कपेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं किण्वन करतात. पुढे त्यांनी त्यालाच कर्करोगाचं मूळ कारण ठरवून टाकलं. पुन्हा तीच घाई.

१९९३ साली तिसऱ्या गुणसूत्रावर व्हीएचएल हे जनुक सापडलं. ते बिघडलं, की ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते; साखर ओढते, नव्या रक्तवाहिन्या मागवते. पेशीला ऑक्सिजन कसा ‘कळतो’ या संशोधनाला २०१९चं नोबेल मिळालं. आता इथे जरा थांबू. हा बिघाड क्लिअर सेल प्रकारच्या बहुतेक गाठींत असतो. म्हणून तर तो रोगाचं कारण सांगतो. पण जे बहुतेकांत सारखंच आहे, त्यावरून कोण तगेल आणि कोण नाही हे कसं सांगणार? कारण कळणं आणि भाकीत करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का.

भाकितासाठी फरक लागतो. तो २०१३ साली पुढे आला. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पानं चारशेहून अधिक गाठी तपासल्या. ज्यांचा रोग वाईट वळणावर गेला, त्यांच्या गाठींत क्रेब्ज चक्राची जनुकं मंदावलेली आणि चरबी तयार करणारी यंत्रणा जोरात होती. एकशे तीस वर्षांनी चरबी पुन्हा समोर आली!

तेव्हापासून चयापचयाच्या जनुकांच्या याद्या करून ‘जास्त धोका, कमी धोका’ असे गट पाडले जातात. एका यादीतली जनुकं दुसरीत असतीलच असं नाही, कारण एकत्र हलणाऱ्या जनुकांपैकी कोणतंही एक बाकीच्यांच्या वतीनं बोलू शकतं.

अशा आकड्याचा उपयोग नाही असं आम्ही म्हणत नाही. तपासणी किती वेळा करायची, हे ठरवायला तो कामी येऊ शकतो. पण आकडा असतो गटाचा, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेली मुलगी विचारत असते आपल्या एकट्या वडिलांबद्दल. गटाचा आकडा त्यांचं नशीब म्हणून तिच्या हातात ठेवणं ही ग्राविट्झचीच चूक झाली. म्हणून असा आकडा मिळाला तर जरूर विचारावं: हा कोणत्या रुग्णांवरून काढला? दुसरीकडच्या रुग्णांवर ताडून पाहिला का? आणि गाठ केवढी, कुठवर पसरली, या जुन्या कसोट्यांपेक्षा तो जास्त काय सांगतो?